पाचचा की सातचा

फाल्मथच्या बंदराशी, दोरखंड आणि रबरी बुटांच्या दुकानात
जेगो नावाचा पोरगा सलग दुसऱ्या शनिवारी मला तेच विचारतो:
पाच इंची की सात?
सातचा डोळ्यांना बरा, पण बॅटरी खातो,
आणि माझी कयाक म्हणजे
मॉर्वेनानं निवृत्त होताना विकलेली
शेवाळी रंगाची, पोटभर ओरखड्यांची लांबुळकी परात.
तिच्यात मी, वल्हं, पोळीचा डबा,
आणि आता हे.

"खोलवर बघायचं तर आवाज जाडा हवा," तो समजावतो,
"बारीक आवाज स्वच्छ दाखवतो, पण लवकर दमतो."
मी मान हलवते.
ट्रूरोच्या इस्पितळात चौदा वर्षं मी हेच करते,
स्थूल पोटाला जाडा, गळ्यातल्या गाठीला बारीक,
हे त्याला सांगत नाही.
इतक्या मन लावून सांगतोय.

आई फोनवर म्हणाली,
"मासे शोधायला यंत्र? मग तू तिथं बसून काय करणार?"
आमच्या वाशीमला समुद्र नव्हता.
आई अजूनही माशाला 'ते' म्हणते.
"ते खातेस का गं?"
"नाही, नुसतं पकडते," मी म्हणते,
आणि हे निम्मंच खोटं आहे.

जेगो बटण दाबतो.
पडद्यावर चिमुकले मासे पोहू लागतात,
प्रत्येकाच्या डोक्यावर आकडा, आणि टिंग.
"यंत्र स्वतःच ओळखतं," तो अभिमानानं.
"बंद करता येतं का ते?"
पहिल्यांदाच तो माझ्याकडे नीट बघतो.

मला कमान हवी. नुसती कमान,
मासा आवाजाच्या शंकूतून पार होताना उमटते ती,
कडांना फिकट, मध्ये ठळक.
तिचा अर्थ काय लावायचा ते मी बघीन.
टिंग वाजवून सांगण्यासारख्या गोष्टी फार नसतात, जेगो.
कधी कधी मी पडदा बोटभर स्वतःकडे वळवते
आणि म्हणते, एक मिनिट हं, सहकाऱ्याला बोलावते.
ते मिनिट कुठल्याच घड्याळात बसत नाही.
नवरा छताकडे बघतो. बाई माझ्याकडे.

पाचचा घेतला.
तळाला भोक पाडायचं नव्हतं, म्हणून आतून बसवायचा.
"मध्ये हवेचा बुडबुडा राहता कामा नये," जेगो म्हणाला.
"हवा राहिली की आवाज तिथंच मेला."
"माहीत आहे," मी म्हटलं. "व्हॅसलीन चालेल?"
"चालेल! कुणी सांगितलं तुम्हाला?"

रविवारी पेन्डेनिसच्या टोकापाशी
अकरा मीटर पाणी, खाली तळाची पिवळी रेघ,
वर काही नाही.
तासभर काही नाही.
मी सवयीनं पडद्यावर हात आडवा धरून ऊन अडवलं,
वाढवता येईल तेवढं वाढवलं, पुन्हा बघितलं.
काही नाही.
आणि गुडघ्यापाशी टेकवलेली दोरी
अशी हिसकली की डबा पाण्यात गेला.
चार बांगडे. एकाच दोरीला चार,
निळ्या पाठीवर घाईत ओढलेल्या काळ्या रेघा,
तळहातात थरथरत,
आणि पडदा अजून रिकामाच.

"बांगड्याच्या पोटात हवेची पिशवी नसते," जेगो सांगतो,
"आवाज त्याच्यातून बहुतेक तसाच निघून जातो.
माघारी फार थोडा येतो."
मी विकत न घ्यायच्या दोरखंडाचं वेटोळं हातात धरून
बराच वेळ उभी.
"सातचा असता तरी?"
"सातचा असता तरी."

पावती पाकिटात आहे.
अठ्ठावीस दिवसांत परत करता येतो.
आज तेविसावा.